अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गाडीचा विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेलेली आपली मुलं पहिल्या सेमिस्टरमध्ये बसने किंवा मित्रांच्या गाडीने भागवतात. दुसऱ्या सेमिस्टरला तीन-चार हजार डॉलरची जुनी गाडी घ्यायचं ठरतं आणि विम्याचा विचार अगदी शेवटी, घाईघाईत होतो. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसेल तो पर्याय निवडला की झालं, असं अनेकांना वाटतं. त्या घाईत काय हुकतं हे सांगण्यासाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत.

अमेरिकेत विम्याचे नियम राज्यागणिक बदलतात. डॅलसमधल्या मित्राचा सल्ला न्यू जर्सीत लागू पडेलच असं नाही. खालची उदाहरणं मुख्यतः टेक्सासची आहेत. तुमच्या राज्याचे आकडे तिथल्या विमा विभागाच्या संकेतस्थळावर पाहूनच पॉलिसी घ्या.

विमा घेणं सक्तीचं आहे का?

हो. जवळजवळ सगळ्या राज्यांत आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये कायद्याने सक्ती नाही, पण अपघात केलात तर नुकसान भरून देण्याची जबाबदारी तिथेही तुमचीच. व्हर्जिनियात विम्याऐवजी सरकारकडे फी भरून गाडी चालवायची सोय होती, ती १ जुलै २०२४ पासून बंद झाली. टेक्सासमध्ये विना विमा पहिल्यांदा सापडलात तर १७५ ते ३५० डॉलर दंड होतो. पण दंड ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे. विमा नसताना कोणाला धडक बसली, तर पुढचा सगळा खर्च पदरचा.

भारतातही थर्ड पार्टी विमा असतोच. मग इथे वेगळं काय?

या एका प्रश्नासाठी बाकीचे सगळे वाचले नाहीत तरी चालेल.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार थर्ड पार्टी विम्यात समोरच्याचा मृत्यू झाला किंवा तो जखमी झाला, तर विमा कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनी भरते. मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला, खासगी गाडीसाठी साडेसात लाख रुपये. त्यामुळे ‘थर्ड पार्टी आहे ना, मग काळजी नाही’ ही आपल्याकडची समजूत बऱ्याच अंशी बरोबर आहे.

अमेरिकेत ही समजूत अंगाशी येते. तिथे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्याला लायबिलिटी म्हणतात, आणि तो तुम्ही निवडलेल्या रकमेपर्यंतच असतो. टेक्सासची किमान मर्यादा ३०/६०/२५ अशी लिहितात. याचा अर्थ, एका जखमी माणसासाठी जास्तीत जास्त ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६०,००० डॉलर, आणि गाड्या-मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५,००० डॉलर. कॅलिफोर्नियात हीच मर्यादा वर्षानुवर्षं १५/३०/५ होती. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०/६०/१५ झाली.

आता एक साधा अपघात घ्या. सिग्नलवर तुम्ही डावीकडे वळताय, समोरून सरळ येणाऱ्या गाडीचा अंदाज चुकला आणि टक्कर झाली. त्या चालकाचा पाय मोडला. रुग्णवाहिका, शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, बुडालेला पगार असं सगळं धरून दावा ९०,००० डॉलरचा झाला. किमान पॉलिसी असेल तर कंपनी ३०,००० देऊन हात वर करते. उरलेल्या ६०,००० साठी दावा तुमच्यावर. कोर्टाचा निकाल विरोधात गेला तर अनेक राज्यांत पुढच्या नोकरीच्या पगारातून रक्कम कापली जाते, आणि ती न भरल्यास लायसन्सही निलंबित होऊ शकतं. शैक्षणिक कर्ज फेडायला सुरुवातही झालेली नसताना हे ओझं डोक्यावर येतं.

गाड्यांचंही तसंच. टेक्सासच्या रस्त्यांवर साठ-सत्तर हजार डॉलरचे पिकअप ट्रक जागोजागी दिसतात. असा एखादा पूर्ण निकामी झाला तर २५,००० मध्ये तोंडमिळवणी होत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. विद्यार्थ्याने पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवावेत, लायबिलिटीत वाचवू नयेत. शक्य असेल तर १००/३००/१०० घ्या. मर्यादा तिप्पट केली म्हणून हप्ता तिप्पट होत नाही, कारण विम्याचा पहिला थर सगळ्यात महाग आणि वरचे थर त्या मानाने स्वस्त असतात. कोट, म्हणजे कंपनीकडून हप्त्याचा आकडा, काढताना दोन्ही मर्यादा टाकून फरक स्वतः पाहा.

आणखी एक गोष्ट लायबिलिटीतच येते. तुमच्यावर दावा झाला तर पॉलिसीत बसणाऱ्या दाव्यासाठी वकील देण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते. परक्या देशात एकट्या विद्यार्थ्याला याचं मोल फार आहे.

पॉलिसीच्या पहिल्या पानावरचे शब्द कळत नाहीत. त्यांचा अर्थ काय?

त्या पानाला डेक्लरेशन्स पेज म्हणतात. लायबिलिटी वर समजावली. बाकीचे शब्द असे:

कोलिजन म्हणजे धडकेत तुमच्या स्वतःच्या गाडीचं झालेलं नुकसान, चूक कोणाचीही असो. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे धडकेव्यतिरिक्तचं नुकसान, म्हणजे चोरी, आग, पूर, गारपीट, अंगावर पडलेली फांदी. भारतात कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सगळं आलं असं आपण धरतो, इथे तसं नाही. दोन्ही वेगळे आहेत आणि वेगळे विकत घ्यावे लागतात.

फरक कसा पडतो ते हरणाच्या उदाहरणातून नीट कळतं. रात्री हायवेवर हरीण आडवं आलं आणि गाडीवर आदळलं, तर दावा कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये जातो. त्याच हरणाला चुकवायला तुम्ही स्टिअरिंग फिरवलं आणि झाडावर जाऊन आदळलात, तर तो कोलिजनचा दावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा हंगाम, तेव्हा संध्याकाळनंतर ती रस्त्यावर जास्त येतात. अशा वेळी आपली लेन न सोडता ब्रेक दाबायचा, असंच तिथे शिकवतात.

अनइन्शुअर्ड मोटरिस्ट म्हणजे समोरच्याची चूक आहे पण त्याच्याकडे विमाच नाही, किंवा तो धडक मारून पळाला, तर तुमचीच कंपनी तुम्हाला भरपाई देते. अंडरइन्शुअर्ड म्हणजे त्याच्याकडे विमा आहे, पण अपुरा. समोरचा ३०,००० चीच पॉलिसी घेऊन फिरत असेल तर हेच उपयोगी पडतं.

पीआयपी (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन) म्हणजे तुमच्या आणि तुमच्या गाडीतल्या प्रवाशांच्या दवाखान्याचा खर्च, चूक कोणाची हे न बघता. टेक्सासमध्ये पीआयपी आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्ट ही दोन्ही कव्हर कंपनीला द्यावीच लागतात. नको असतील तर ग्राहकाने लेखी नकार द्यायचा असतो. ऑनलाइन पॉलिसी घेताना ‘नको’च्या चौकोनात टिक करून आपण हीच कव्हर घालवतो आणि नंतर कंपनीला दोष देतो. ती टिक विचार करून करा.

डिडक्टिबल म्हणजे दुरुस्तीच्या खर्चातला तुमचा वाटा. ५०० किंवा १,००० डॉलर हे नेहमीचे आकडे. तो जास्त ठेवला की हप्ता उतरतो.

एजंट म्हणाला, ‘फुल कव्हरेज’ दिलंय. मग पुरेसं आहे ना?

या शब्दाला कायद्यात काही ठरलेला अर्थ नाही. बोलताना तो लायबिलिटी, कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह एकत्र असलं की वापरतात. त्यातली लायबिलिटी किमान ३०/६०/२५ चीच असू शकते. एजंटच्या शब्दावर न थांबता आकडे पाहा.

माझी कोरोला ३,५०० डॉलरची आहे. कोलिजन घेऊ का?

गाडी पूर्ण निकामी झाली तर कंपनी त्या दिवसाची बाजारातली किंमत देते, तुम्ही मोजलेली नाही. त्यातून डिडक्टिबल वजा होतं. म्हणजे हजार डॉलर डिडक्टिबल असेल तर हातात जास्तीत जास्त अडीच हजार. वर्षभराचा कोलिजनचा हप्ता त्याच्याशी ताडून पाहा. इतक्या जुन्या गाडीला मी कोलिजन घेणार नाही, तेच पैसे लायबिलिटी आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्ट वाढवायला वापरेन. कॉम्प्रिहेन्सिव्ह सहसा बरंच स्वस्त पडतं. डॅलस, ओक्लाहोमा, कोलोरॅडो अशा गारपिटीच्या पट्ट्यात असाल तर त्याचा विचार जरूर करा. मात्र कोलिजनशिवाय एकटं कॉम्प्रिहेन्सिव्ह मिळेल का, हे कंपनीला आधी विचारा. गाडी कर्जावर असेल तर हा प्रश्नच उरत नाही, कर्ज देणारी बँक दोन्ही घ्यायला लावते.

सोशल सिक्युरिटी नंबर नाही, अमेरिकन लायसन्सही नाही. विमा मिळेल का?

मिळेल. सोशल सिक्युरिटी नंबर हा अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक. एफ-१ विद्यार्थ्याला कॅम्पसवर काम किंवा सीपीटी, ओपीटी (शिक्षणाशी निगडित कामाची परवानगी) मिळाल्याशिवाय तो मिळत नाही, हे कंपन्यांना ठाऊक असतं. काही कंपन्यांचा ऑनलाइन फॉर्म तिथेच अडतो. अशा वेळी फोन करा किंवा विद्यापीठाजवळच्या एजंटच्या ऑफिसात पासपोर्ट आणि आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) घेऊन जा. कॉलेजच्या गावातल्या एजंटांना हे रोजचं काम असतं. कोणाचा तरी नंबर ‘तात्पुरता’ टाकायचा नाही, कितीही जवळचा नातेवाईक असला तरी.

भारतातल्या लायसन्सवर आणि आयडीपीवर किती दिवस चालवता येते?

आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, आपल्या आरटीओकडून निघतो आणि एक वर्ष चालतो. तो मूळ लायसन्सचा अनुवाद आहे, एकट्याला किंमत नाही, त्यामुळे दोन्ही जवळ लागतात. तो भारतातूनच काढून न्या. ‘दहा वर्षांचा आयडीपी’ ऑनलाइन विकणाऱ्या साइट्स बनावट असतात.

परदेशी लायसन्सवर किती काळ चालवू द्यायचं हे प्रत्येक राज्य ठरवतं. टेक्सासमध्ये राहायला आलेल्यांना ९० दिवसांची मुदत आहे. एकूणच, राज्याचं लायसन्स जितक्या लवकर काढाल तितकं चांगलं, कारण परदेशी लायसन्सवर हप्ता सहसा जास्त बसतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर बऱ्याच राज्यांत सोशल सिक्युरिटी ऑफिसातून ‘हा विद्यार्थी नंबरासाठी पात्र नाही’ असं पत्र आणावं लागतं.

भारतात माझा एनसीबी (नो क्लेम बोनस) ५० टक्क्यांवर गेला होता. इथे धरतील का?

सहसा नाही. बहुतेक अमेरिकन कंपन्या तुम्हाला नवशिका चालक धरतात. काही कंपन्या परदेशात चालवलेली वर्षं मोजतात, म्हणून परिवहनच्या सारथी पोर्टलवरून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट काढून ठेवा. त्यावर लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ते येतं. आणि भारतातली गाडी विकून जात असाल तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. दोन वर्षांचं एमएस करून परत आलात तर नव्या गाडीला तोच एनसीबी लागू होतो.

हप्ता इतका जास्त का, आणि कमी कसा करायचा?

भारतात थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तो ३,४१६ रुपये होता, चालक एकोणीस वर्षांचा असो की पन्नाशीचा. अमेरिकेत वय, पिनकोड, गाडीचं मॉडेल, चालवण्याचा इतिहास आणि बहुतेक राज्यांत तुमची क्रेडिट हिस्ट्री (कर्ज आणि कार्डाची बिलं कशी फेडली याची नोंद) हे सगळं हप्त्यात येतं. पंचविशीच्या आतले, नव्याने आलेले, क्रेडिट नसलेले म्हणजे नेमके आपले विद्यार्थी महागात पडतात. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई इथे क्रेडिटवरून हप्ता ठरवायला बंदी आहे.

गाडी घेण्याआधीच तिच्या विम्याचा कोट काढा. ह्युंदाई आणि कियाच्या २०११ ते २०२१ च्या दरम्यानच्या, किल्लीने सुरू होणाऱ्या बऱ्याच मॉडेलमध्ये इमोबिलायझर, म्हणजे योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, नव्हता. चोरीची युक्ती सोशल मीडियावर पसरली आणि २०२३ मध्ये काही शहरांत काही कंपन्यांनी अशा गाड्यांचा नवा विमा उतरवणंच थांबवलं. स्वस्तात मिळणारी ह्युंदाई एलांट्रा मग विम्यात महाग पडते.

सवलती स्वतःहून मागाव्या लागतात. पंचविशीच्या आतल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला ३.० च्या आसपास जीपीए असेल तर ‘गुड स्टुडंट’ सवलत अनेक कंपन्या देतात. त्यासाठी ट्रान्स्क्रिप्ट पाठवायचं. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले, रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूच्या सामानाचा विमा) त्याच कंपनीकडे घेतला, किंवा गाडी कशी चालवता हे मोजणारं ॲप लावलं तरी हप्ता उतरतो. बहुतेक पॉलिसी सहा महिन्यांच्या असतात. दर नूतनीकरणाला दोन-तीन ठिकाणी कोट काढा.

आम्ही चार रूममेट मिळून एक गाडी घेतोय. विमा कोणाच्या नावावर?

गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, ज्याच्या नावावर, त्याच्या नावावर. आणि घरात राहणाऱ्या, लायसन्स असलेल्या प्रत्येकाची नावं कंपनीला कळवायची. एकाचं नाव देऊन हप्ता कमी ठेवायचा आणि गाडी चौघांनी चालवायची, हा प्रकार मी सगळ्यात जास्त पाहतो, आणि सगळ्यात जास्त बिघडतं तेही इथेच. अमेरिकेत विमा साधारणपणे गाडीच्या मागे जातो, त्यामुळे एखाद्या दिवशी मित्राला किल्ली दिली तर बहुतेक पॉलिसी त्याला संरक्षण देतात. रोज चालवणारा रूममेट मात्र त्यात बसत नाही. अपघातानंतर कंपनी पत्ते, लायसन्स, जबाब सगळं तपासते, आणि माहिती लपवली असं दिसलं तर दावा नाकारू शकते.

एखाद्या रूममेटला पॉलिसीतून मुद्दाम वगळलं असेल, तर त्याने गाडी दोन मिनिटंही चालवायची नाही. वगळलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर कंपनी बहुधा काहीच देणार नाही.

पत्त्याचंही तसंच. शहरात राहून उपनगरातल्या काकांचा पत्ता दिला तर हप्ता कमी येतो, पण ती खोटी माहिती ठरते. गाडी रात्री जिथे उभी राहते तोच पत्ता द्यायचा.

भागीदारीतल्या गाडीबद्दल माझं मत विचारलंत तर, टायटल एकाच्या नावावर ठेवा आणि बाकीच्यांनी पेट्रोल-दुरुस्तीचा हिशोब वेगळा ठेवावा. चौघांची नावं टायटलवर असली तर त्यातला एक दुसऱ्या राज्यात नोकरीला गेला की विकताना सह्या गोळा करत फिरावं लागतं.

स्वतःची गाडी नाही, कधीतरी भाड्याने घेतो. तेव्हा काय?

रेंटल काउंटरवर दोन गोष्टी विचारतात. एक, भाड्याच्या गाडीच्या नुकसानीची माफी, आणि दुसरी, जादा लायबिलिटी. घाईत मुलं पहिली घेतात आणि दुसरी सोडतात. माझ्या मते दुसरी सोडण्यातच धोका जास्त आहे, कारण रेंटलसोबत येणारी लायबिलिटी बहुतेक ठिकाणी राज्याच्या किमान मर्यादेइतकीच असते. क्रेडिट कार्डवरची सोय असेल तर ती साधारणपणे गाडीच्या नुकसानीपुरती असते, दुसऱ्याच्या दुखापतीला नाही. पंचविशीच्या आत असाल तर रोजचं जादा शुल्कही लागतं. वारंवार गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी नॉन-ओनर, म्हणजे स्वतःची गाडी नसलेल्यांसाठीच्या, पॉलिसीची चौकशी करावी.

मित्राच्या अकाउंटवर फूड डिलिव्हरी केली तर?

करू नका. एफ-१ वर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करणं हा स्टेटसचा भंग आहे. अकाउंट कोणाचंही असो, काम तुम्ही करताय. शिवाय वैयक्तिक पॉलिसीत पैसे घेऊन सामान किंवा माणसं पोहोचवणं सहसा वगळलेलं असतं. पिशवी पोहोचवताना अपघात झाला तर विमाही हातचा जातो आणि पोलिसांच्या अहवालात काम करत असल्याचीही नोंद होते.

अपघात झाला तर नेमकं काय करायचं?

गाडी सुरक्षित जागी घ्या, धोक्याचे दिवे लावा. कोणाला लागलं असेल तर ९११. लागलं नसेल तरी पोलीस येतील का ते विचारा. त्यांचा अहवाल पुढे फार कामाला येतो.

समोरच्याचं लायसन्स, विमा कार्ड, नंबर प्लेट यांचे फोटो घ्या. दोन्ही गाड्यांचे जवळून आणि लांबून, सिग्नल आणि रस्त्यावरच्या रेषा दिसतील असे फोटो काढा. साक्षीदार थांबला असेल तर त्याचा फोन नंबर घ्या. सभ्यपणे बोला, पण ‘चूक माझीच’ असं तिथे म्हणू नका. आपल्याला पटकन सॉरी म्हणायची सवय असते. चूक कोणाची हे तपासून ठरू द्या.

समोरचा ‘पाचशे डॉलर रोख दे, मिटवून टाकू’ म्हणाला तर नाही म्हणा. मान दुखतेय असं त्याला दोन दिवसांनी वाटलं तर तुमच्याकडे काहीच कागद नसतो, आणि कंपनीला वेळेवर कळवलं नाही म्हणून तीही अडवू शकते. कॅलिफोर्नियात कोणी जखमी झालं किंवा नुकसान १,००० डॉलरच्या वर गेलं तर दहा दिवसांत डीएमव्हीला (राज्याच्या मोटार वाहन विभागाला) वेगळा अहवाल द्यावा लागतो.

समोरच्याच्या विमा कंपनीचा माणूस फोन करून जबाब रेकॉर्ड करू का विचारतो. त्याला तुमच्या कंपनीशी बोलायला सांगा. अंग दुखत असेल तर त्याच दिवशी विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये दाखवून नोंद करून घ्या.

गाडीची काच फोडून लॅपटॉप नेला. विमा देईल का?

काच कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये येते. लॅपटॉप येत नाही, तो रेंटर्स इन्शुरन्समध्ये येतो, डिडक्टिबल वजा करून.

उन्हाळ्यात दोन महिने भारतात येतोय. पॉलिसी बंद करू का?

सरसकट बंद करू नका. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात नंबर प्लेट परत न करता विमा बंद केला तर राज्य तुमचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स निलंबित करू शकतं. दुसरं, विम्यात खंड पडला की पुढच्या वेळी हप्ता वाढतो. कंपनीला विचारा, गाडी उभीच राहणार असेल तर काही ठिकाणी फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह चालू ठेवता येतं. मग त्या काळात ती कोणीही रस्त्यावर आणायची नाही, रूममेटनेही नाही.

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर विम्याचं काय होतं?

हप्ता प्रचंड वाढतो, कंपनी नूतनीकरण नाकारू शकते, आणि अनेक राज्यांत एसआर-२२ नावाचं, विमा असल्याचं प्रमाणपत्र कंपनीमार्फत राज्याकडे भरावं लागतं. पण तुमच्यासाठी त्याहून गंभीर म्हणजे, २०१५ पासून अशा नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, दोषी ठरण्याची वाट न पाहता. पार्टीहून येताना कॅब करा.

आम्ही आई-वडील इथे नाशिकला. आम्ही काय तपासावं?

मुलाकडून डेक्लरेशन्स पेजचा फोटो मागवा आणि तीन गोष्टी पाहा. लायबिलिटीचे तीन आकडे, अनइन्शुअर्ड मोटरिस्ट आहे की नाही, आणि गाडी चालवणाऱ्या सगळ्यांची नावं. हप्त्यातल्या फरकासाठी घरून थोडे पैसे पाठवणं जमत असेल तर ते जरूर पाठवा. तुम्ही तिकडे भेटीला जाऊन गाडी चालवणार असाल तर कंपनीला आधी कळवायला सांगा.

कॅनडा किंवा ब्रिटनमध्येही असंच आहे का?

नाही. ब्रिटनमध्ये सक्तीच्या विम्यात दुसऱ्याच्या दुखापतीला मर्यादा नाही, त्या बाबतीत तो भारतासारखा आहे. भारतीय लायसन्सवर तिथे १२ महिने चालवता येते. कॅनडात ओंटारियोत लायबिलिटीची किमान मर्यादाच २,००,००० डॉलर आहे, तर ब्रिटिश कोलंबियात मूळ विमा आयसीबीसी या सरकारी महामंडळाकडूनच घ्यावा लागतो.

कंपनीने दावा नाकारला. आता?

नकाराचं कारण आणि पॉलिसीतलं कलम लेखी मागा. फोनवर समाधान मानू नका. ते पटलं नाही तर राज्याच्या विमा विभागाकडे तक्रार करा, टेक्सासमध्ये टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे. तक्रार ऑनलाइन आणि मोफत असते, व्हिसा कोणता हे त्यात आड येत नाही, आणि कंपनीला विभागाला उत्तर द्यावंच लागतं. दुखापत मोठी असेल तर विद्यापीठाच्या ‘स्टुडंट लीगल सर्व्हिसेस’कडे जा. बऱ्याच विद्यापीठांत त्यांची फी ट्यूशनसोबतच घेतलेली असते, त्यामुळे पहिला सल्ला वेगळे पैसे न देता मिळतो.